पेशीतील पाण्याची ये-जा

मूठभर बेदाणे रात्री वाटीभर पाण्यात भिजत घातले, तर सकाळी ते टपोरे फुगलेले दिसतात. त्यांच्या अंगावरील सुरकुत्या नाहीशा झालेल्या असतात आणि साल ताणली जाऊन तुकतुकीत झालेली असते. याच्या उलट प्रकार काकडीच्या कोशिंबिरीत घडतो. मीठ घालून कोशिंबीर घटकाभर तशीच ठेवली, तर तिला पाणी सुटते आणि मघा करकरीत असलेल्या फोडी मऊ पडतात. म्हणूनच कोशिंबिरीत मीठ घालावयाचे ते ऐन वाढण्याच्या वेळी, असा स्वयंपाकघरातील जुना दंडक आहे.

एका ठिकाणी पाणी बाहेरून आत गेले; दुसऱ्या ठिकाणी ते आतून बाहेर आले. बेदाण्याला कोणी भोक पाडले नव्हते आणि काकडीची फोड कोणी पिळली नव्हती. मग पाण्याला ही वाट कोणी दाखविली? आणि दोन ठिकाणी त्याची दिशा परस्परांच्या विरुद्ध का झाली? प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु त्याचे उत्तर केवळ बेदाण्यापुरते किंवा काकडीपुरते नाही. रोपट्याच्या मुळापासून मनुष्याच्या रक्तापर्यंत सर्व सजीवांचे जगणे त्या उत्तरावर अवलंबून आहे. इतकेच नव्हे, तर ते उत्तर नीट उमगल्यामुळे लक्षावधी मुलांचे प्राण वाचले आहेत.

वनस्पती असो वा प्राणी, प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक लहानशी खोलीच होय. या खोलीत बहुतांशी पाणी असते आणि त्या पाण्यात साखर, निरनिराळे क्षार, प्रथिने इत्यादी पदार्थ मिसळलेले असतात. खोलीभोवती एक अत्यंत तलम पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी भरते. या पडद्याला प्रद्रव्यपटल असे म्हणतात. पेशीच्या आतील जग आणि बाहेरील जग यांच्यामधील सीमा ती हीच.

हा पडदा जितका नाजूक, तितकाच तो चोखंदळ असतो. वाड्याच्या दारावरील पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्यास पारखून सोडतो, तसा हा पडदा पदार्थांची निवड करतो. पाण्याच्या कणांना तो ये-जा करू देतो. परंतु पाण्यात विरघळलेल्या साखरेच्या वा क्षारांच्या कणांना सहजासहजी वाट देत नाही. अशा पडद्याला निवडक्षम पारपटल हे नाव आहे. बेदाण्याची साल आणि काकडीच्या फोडीतील पेशींचे पडदे हे थोड्याफार फरकाने याच जातीचे आहेत.

आता पाण्याच्या कणांकडे वळू. पेल्यातील पाणी वरून कितीही शांत दिसले, तरी त्याचे सूक्ष्म कण क्षणभरही स्वस्थ नसतात. ते सतत इकडून तिकडे धावत असतात, एकमेकांवर आदळत असतात आणि भांड्याच्या भिंतींनाही धडका देत असतात. पडद्याच्या दोन्ही अंगांना पाणी असले, तर दोन्ही बाजूंचे कण त्याच्यावर आदळतात आणि त्यांपैकी काही पलीकडे जातात. म्हणजे पाण्याची वाहतूक एकाच दिशेने होत नाही. ती सदैव दुहेरी असते.

ही दुहेरी वाहतूक समजण्यासाठी एका मैदानाची कल्पना करावी. मैदानाच्या मधोमध एक कुंपण आहे आणि त्याला अरुंद फटी आहेत. फटीतून मूल जाऊ शकते. बैल जाऊ शकत नाही. कुंपणाच्या एका बाजूस केवळ मुले आहेत. दुसऱ्या बाजूस मुलांमध्ये बरेचसे बैलही मिसळलेले आहेत. दोन्हीकडे सारी मंडळी डोळे मिटून वाटेल तशी धावत आहेत. जेथे केवळ मुले आहेत, तेथून अधिक मुले फटींपाशी पोहोचतील आणि पलीकडे जातील. जेथे बैलांनी जागा अडविली आहे, तेथून कमी मुले इकडे येतील. थोड्या वेळाने पाहावे, तर बैलांच्या बाजूस मुलांची गर्दी वाढलेली दिसेल. तिकडे जा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि बैलांनीही त्यांना हाक मारली नव्हती. येणाऱ्यांपेक्षा जाणारे अधिक, एवढेच काय ते घडले.

या दृष्टान्तातील मुले म्हणजे पाण्याचे कण आणि बैल म्हणजे साखरेचे वा क्षारांचे कण होत. ज्या द्रावणात विरघळलेले पदार्थ कमी, ते विरल. ज्यात ते अधिक, ते संहत. निवडक्षम पारपटलातून विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे पाण्याचे जे वहन होते, त्यास परासरण असे म्हणतात.

एवढा नियम कळला म्हणजे बेदाण्याचे व काकडीचे कोडे आपोआप सुटते. बेदाण्यात साखर ठासून भरलेली असते आणि बाहेर असते साधे पाणी; म्हणून पाणी आत शिरते. काकडीच्या फोडीवर मीठ पडले, की ते ओलाव्यात विरघळून फोडीबाहेर खारट, संहत द्रावण तयार होते. म्हणून पेशींतील पाणी बाहेर येते. पहिला प्रकार अंतःपरासरणाचा, दुसरा बहिःपरासरणाचा. ज्या द्रावणात ठेवल्यावर पेशीत पाणी शिरते, त्यास अवपरासारी द्रावण म्हणतात. ज्यात ठेवल्यावर तिच्यातील पाणी निघून जाते, ते अतिपरासारी. आतील व बाहेरील संहती सारखी असेल, तर जितके पाणी आत जाते तितकेच बाहेर येते आणि पेशीचा आकार कायम राहतो. अशा द्रावणास समपरासारी म्हणतात.

परासरणाचा हा शोध एका दिवसात लागला नाही. सन १७४८ मध्ये फ्रान्समधील नोले या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या एका कुपीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा घट्ट बांधला आणि ती कुपी पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पाहिले, तो पडदा बाहेरच्या बाजूस टच्च फुगलेला! टाचणीने टोचताच आतील द्रव कारंज्यासारखा उडाला. बाहेरचे पाणी पडद्यातून आत शिरले होते. पुढे १८२६ च्या सुमारास त्याच देशातील द्यूत्रोशे याने या घटनेचा कसून अभ्यास केला. सजीवांच्या पेशींत पाण्याची जी ये-जा चालते, तिचे मर्म येथेच आहे, हे त्याने ओळखले.

पाणी आत शिरते, ते किती जोराने? या प्रश्नाचे उत्तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर याने दिले. त्याने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत एक कृत्रिम पारपटल बसविले, भांड्यात साखरेचे पाणी भरले आणि ते साध्या पाण्यात ठेवून आत निर्माण होणारा दाब मोजला. १८७७ मध्ये त्याने आपली मापे प्रसिद्ध केली. १०० भाग पाण्यात जेमतेम १ भाग साखर. पण एवढ्या सौम्य द्रावणातही उत्पन्न झालेला दाब सुमारे ७ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाला तोलून धरण्याइतका होता. म्हणजे दुमजली घराएवढी उंची! पुढे हॉलंडच्या व्हान्ट हॉफ याने या दाबाचे गणित मांडले. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, ते ज्या कार्यासाठी, त्यात परासरणाच्या दाबाचे नियम हेही होते.

तरीही एक कोडे उरलेच होते. पेशीचा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो आणि तेलापाण्याचे सख्य नसते, हे तर सर्वश्रुत आहे. असे असता काही पेशींतून पाणी इतक्या त्वरेने कसे जाते? अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर ॲग्री याने १९९२ मध्ये दाखवून दिले, की पडद्यात प्रथिनांचे अतिसूक्ष्म नळ असतात आणि त्यांतून केवळ पाण्याचे कण एकामागून एक रांगेने जातात. अशा एका नळातून एका सेकंदात पाण्याचे सुमारे ३ अब्ज कण जाऊ शकतात. या शोधाबद्दल त्याला २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बेदाण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमागील रहस्य पुरते उलगडण्यास माणसाला अशी अडीचशे वर्षे लागली.

आता हे परासरण सजीवांच्या संसारात काय काय कामे करते, ते पाहू. प्रथम वनस्पती घेऊ. रोपाच्या कोवळ्या मुळांवर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांना मूलरोम म्हणतात. मूलरोमांतील रस हा जमिनीतील पाण्याहून अधिक संहत असतो. त्यामुळे जमिनीतील पाणी मूलरोमात शिरते, तेथून शेजारच्या पेशीत, तेथून पुढच्या पेशीत, असे करीत ते मुळाच्या मध्यभागातील नलिकांपर्यंत पोहोचते. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत ते चढविण्याचे मुख्य काम पानांतून सतत उडून जाणाऱ्या वाफेची ओढ करते. परंतु मातीतून मुळात प्रवेश करण्याचे दार उघडते, ते परासरणच.

पाणी शिरल्याने पेशी फुगते. मग ती फुटत का नाही? वनस्पतीच्या पेशीला प्रद्रव्यपटलाबाहेर आणखी एक भक्कम भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात. सायकलच्या चाकात रबरी नळी फुगते आणि बाहेरचा टायर तिला आवरून धरतो. तसाच हा प्रकार. आतून पाण्याचा दाब आणि बाहेरून भिंतीचा आवर, या दोहोंमुळे पेशी ताठ राहते. ज्यांना लाकडी खोड नाही अशी मेथी-कोथिंबिरीसारखी रोपे उभी राहतात, ती मुख्यत्वे या ताठरपणाच्या बळावर. पाणी कमी पडले, की पेशी सैल होतात आणि रोप मान टाकते. बाजारातून आणलेली मलूल कोथिंबीर पाण्यात ठेवली, की ती पुन्हा टवटवीत होते, याचे कारणही तेच. लाजाळूच्या पानाला स्पर्श करताच ते मिटते, त्या वेळी पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतून पाणी झटकन बाहेर जाते. त्या पेशी ढिल्या पडतात आणि पान खाली लवते. काही वेळाने पाणी परत शिरले, की पान पुन्हा उभे राहते.

जो नियम रोपाला पाणी पाजतो, तोच प्रसंगी त्याच्या तोंडचे पाणी पळवितो. एखाद्या उत्साही माणसाने कुंडीतील रोपाला प्रमाणाबाहेर रासायनिक खत घातले, तर रोप जोमाने वाढण्याऐवजी कोमेजून जाते. खताचे क्षार पाण्यात विरघळून मातीतील पाणी मूलरोमांतील रसाहूनही संहत होते आणि मुळांना पाणी मिळणे दूरच, त्यांतीलच पाणी बाहेर ओढले जाते. हीच आपत्ती मोठ्या प्रमाणावर शेतांवर येते. पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे अतोनात पाणी दिल्याने आणि त्याचा निचरा न झाल्याने जमिनीतील क्षार वर आले आणि सुपीक जमिनी क्षारपड झाल्या. अशा जमिनीत ओलावा असूनही पीक तहानलेले राहते. पाणी पायाशी आहे; पण ते मुळात शिरत नाही. म्हणूनच शेतकऱ्याने पाणी देताना जितका विचार करावा, तितकाच ते वाहून जाण्याचाही करावा, असे शेतीचे जाणकार सांगतात.

मग कोकणच्या खाड्यांत, भरतीच्या खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभी असलेली तिवरे आणि कांदळ कशी जगतात? निसर्गाने त्यांना याच नियमाच्या आधारे तरणोपाय दिला आहे. ही झाडे आपल्या पेशींतील रसच इतका संहत ठेवतात, की खाऱ्या चिखलातूनही पाणी आत येऊ शकते. शिवाय कांदळाची मुळे पाणी घेताना बरेचसे मीठ बाहेरच अडवितात. तर तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. उन्हाच्या वेळी तिवराचे पान हाती घेऊन पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात.

प्राण्यांच्या पेशींना पेशीभित्तिकेचे कवच नसते. म्हणून त्यांची स्थिती अधिक नाजूक असते. मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या, तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटून जातात. त्याच पेशी अतिशय खारट पाण्यात टाकल्या, तर त्या सुकलेल्या बोरासारख्या आक्रसतात. मात्र १ लीटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, या प्रमाणाच्या द्रावणात त्या जशाच्या तशा राहतात. रुग्णालयात रोग्याच्या शिरेत ‘सलाइन’ सोडतात, ते याच प्रमाणाचे असते. साधे पाणी शुद्ध असले, तरी ते सरळ रक्तात सोडणे घातक ठरते, ते यामुळेच.

शरीरात हे प्रमाण राखण्याचे काम मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. परंतु त्यांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. समुद्राच्या १ लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतके खारट मूत्र मनुष्याची मूत्रपिंडे तयार करू शकत नाहीत. म्हणून समुद्राचे पाणी प्यालेल्या माणसाला ते मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्ची घालावे लागते. तहान भागण्याऐवजी वाढते, आणि चोहीकडे पाणीच पाणी असताना जहाज फुटलेला खलाशी तहानेने प्राण सोडतो.

माशांचे काय? नदीतील रोहू माशाच्या शरीरातील द्रव नदीच्या पाण्याहून खारट असतो. त्यामुळे पाणी त्याच्या कल्ल्यांवाटे सतत आत शिरत असते आणि ते पातळ मूत्राच्या रूपाने त्याला एकसारखे बाहेर टाकावे लागते. समुद्रातील सुरमईची गोष्ट याच्या उलट. तिच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जाऊ पाहते. म्हणून ती समुद्राचे पाणी पीत राहते आणि त्यातील जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकते. एकीला पाणी उपसण्याची चिंता, तर दुसरीला पाणी राखण्याची!

लोणचे व मुरांबा टिकतो, त्याचे इंगितही आता ध्यानात येईल. मिठात वा साखरेच्या पाकात जे जंतू पडतात, त्यांच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते. सुक्या मासळीला मीठ लावतात, त्यात हाही हेतू असतो. परासरण हे नाव ठाऊक नसतानाही आपल्या पूर्वजांनी त्याचा असा उपयोग शेकडो वर्षे करून घेतला.

परंतु परासरणाच्या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग झाला, तो पटकी म्हणजे कॉलरा या रोगाच्या बाबतीत. एके काळी या रोगाच्या नावानेच गावेच्या गावे थरकापत असत. धडधाकट माणूस सकाळी अंथरुणास खिळावा आणि संध्याकाळपर्यंत त्याचा अंत व्हावा, अशी या रोगाची झडप असे. रोग्याला भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब होतात आणि तीव्र विकारात तासाला एक लीटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते.

इतके पाणी येते तरी कोठून? कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले, की पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी साचते. पुढील संशोधनात त्याची रीत स्पष्ट झाली. या विषामुळे आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्याजवळील क्षार आतड्याच्या पोकळीत अनिर्बंधपणे सोडू लागतात. क्षार गेले, की परासरणाच्या नियमाने पाणीही त्यांच्यामागोमाग जाते. अशा रीतीने शरीरातील पाणी आतड्यात ओतले जाते. म्हणजे रोगी मरतो, तो जंतूंनी शरीर पोखरल्यामुळे नव्हे. पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

उपाय उघड होता. गेलेले पाणी परत द्यावयाचे. परंतु नुसते पाणी पाजून भागत नसे, कारण पाणी आत घेण्यासाठी आधी क्षार आत जावयास हवेत. मीठ घातलेले पाणी पाजले, तरी ते मीठ पुरेसे शोषले जात नसे. म्हणून शिरेतून सलाइन देणे हाच एक खात्रीचा मार्ग होता. त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शिकलेली माणसे हवीत. खेड्यापाड्यांत ती कोठून आणावयाची?

येथे एक महत्त्वाचा शोध उपयोगी पडला. आतड्याच्या पेशींच्या पडद्यात एक निराळा दरवाजा असतो, असे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन याने १९६० मध्ये सुचविले. हा दरवाजा मीठ व साखर या दोहोंतील कणांना जोडीनेच आत घेतो. पटकीचे विष या दरवाजाला बंद करू शकत नाही. तेव्हा पाण्यात योग्य प्रमाणात मीठ व साखर दोन्ही घालून ते पाजले, तर ती दोन्ही मिळून आत जातात आणि परासरणाच्या नियमाने पाणीही त्यांच्यामागून आत जाते. रोगाने ज्या नियमाचा आधार घेऊन पाणी बाहेर नेले, त्याच नियमाने ते परत आणता येते! डाक्का व कलकत्ता येथील संशोधकांनी १९६८ पर्यंत रुग्णालयांत या द्रावणाचा उपयोग पडताळून पाहिला.

त्याची खरी कसोटी लागली, ती १९७१ मध्ये. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या त्या वर्षी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सरहद्दीजवळच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस हे तेथे उपचार करीत होते. रोग्यांची रीघ लागलेली, खाटा अपुऱ्या आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. अशा प्रसंगी त्यांनी धाडसी निर्णय घेतला. १ लीटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लूकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, या प्रमाणाने द्रावण तयार करून ते तोट्या लावलेल्या पिंपांत भरले. रोग्यांच्या नातलगांनी ते पेल्यांत घ्यावे आणि आपापल्या माणसाला पाजावे, असा प्रघात पाडला. ज्या छावणीत १०० रोग्यांमागे सुमारे ३० जण दगावत होते, तेथे हे द्रावण मिळालेल्या रोग्यांत ते प्रमाण ४ च्याही आत आले. डॉक्टरांचे काम आईबापांच्या, भावाबहिणींच्या हातांनी पार पाडले.

पुढे हाच उपाय जगभर पसरला. इंग्लंडच्या एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातील सर्वांत मोलाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. भारत सरकारने २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

आज हे द्रावण ओ.आर.एस. या नावाने औषधाच्या दुकानात व आरोग्यकेंद्रात पुडीच्या रूपाने मिळते. पुडी हाताशी नसेल, तर उकळून गार केलेल्या १ लीटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घरीही करता येते. जुलाब होत असलेल्या मुलाला हे पाणी घोट-घोट पाजीत राहावे आणि विलंब न लावता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळली पाहिजे. अधिक मीठ म्हणजे अधिक गुण, असे समजून प्रमाण वाढवू नये. द्रावण अतिपरासारी झाले, तर ते शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातीलच पाणी आतड्यात ओढून घेईल. कोशिंबिरीतील काकडीची जी गत होते, तीच मग रोग्याची होईल. चमचा सपाट असावा, शिगोशीग भरलेला नसावा, या साध्या सूचनेमागे परासरणाचा सारा नियम उभा आहे. तो ज्याला समजला, तो चमचा भरताना चुकणार नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा :
(अ) निवडक्षम पारपटल कशास म्हणतात?
(आ) मैदानाच्या दृष्टान्तातील मुले, बैल व कुंपण कशाची निदर्शक आहेत?
(इ) समुद्राचे पाणी प्याल्याने तहान का वाढते?
(ई) बनगावच्या छावणीत डॉ. महालनबीस यांनी कोणता उपाय योजला व तो का यशस्वी झाला?

२. कारणे द्या :
(अ) वनस्पतीची पेशी पाण्यात फुगते, पण फुटत नाही.
(आ) क्षारपड जमिनीत ओलावा असूनही पीक तहानलेले राहते.
(इ) पटकीच्या रोग्याला नुसते पाणी पाजून भागत नाही.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मान टाकणे, तोंडचे पाणी पळविणे, रीघ लागणे.

४. करून पाहा : बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या कापा. एक साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या दाट पाण्यात चार तास ठेवा. नंतर दोन्ही चकत्या हलकेच वाकवून पाहा. कोणता फरक आढळला, तो का पडला, हे पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.